टबातलं पिवळं बदक

‘एवढे भाग बघतो, पण अ‍ॅनिमेत रबरी बदक आम्हाला कधी दिसत नाही. तुम्हाला बरं सापडतं!’ हे वरचेवर कानावर येतं. तुम्ही विचारलंत म्हणून, अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या, न्हाणीघरांत मी ते कसं शोधतो आणि मोजतो ते नीट सांगतो.

आधी न्हाणीघर समजून घ्या. जपानी घरात अंग टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून धुतात आणि मग साधारण 40 ते 42 अंशांच्या पाण्यात नुसतं डुंबतात. तेच पाणी घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात, म्हणून टबात साबणाचा फेस नसतो. अशा मोकळ्या पाण्यावरचं बदक खरं तर लगेच दिसायला हवं. निसटतं, कारण आपली नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर खिळलेली असते. म्हणून तेच दृश्य पुन्हा लावा, आवाज आणि सबटायटल्स बंद करा आणि कडेकडेने बघत जा. टबाचा काठ, शाम्पूच्या बाटल्यांची फळी, पाणी घ्यायचं घमेलं, टबावरचं झाकण.

आता मुख्य खूण. बदक हलणार असेल तर ते पात्रांसारखंच रंगवलेलं असतं: ठसठशीत बाह्यरेषा, सपाट पिवळा रंग, पोटाखाली सावलीची एखादीच गडद छटा. हलणार नसेल तर ते बहुधा पार्श्वभूमीच्या चित्रातच रंगवून टाकतात. तिथे कडा मऊ होतात आणि पिवळा रंग फरश्यांच्या रंगात मुरतो. पूर्वी हलणारं चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, रंगवून पार्श्वभूमीवर ठेवायचे, आता हे संगणकावर होतं, पण हे दोन थर तेच राहिलेत. हलणारं बदक कुणालाही दिसतं. फळीवर गप्प बसलेलं सापडलं की खरा आनंद.

शंका आली की चौकट-चौकट (फ्रेम-फ्रेम) पुढे जा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’ दाबा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविराम, मागे यायला स्वल्पविराम. सेकंदाला 24 चौकटी असल्या तरी एकेक चित्र बऱ्याचदा दोन-तीन चौकटी तसंच ठेवतात. त्यामुळे दोनदा दाबूनही काही हललं नाही तर प्लेअर अडकला असं समजू नका. लांबच्या दृश्यात बदकाचा डोळा गळतो आणि उरतात फक्त दोन पिवळे उंचवटे. नारिंगी चोच दिसल्याशिवाय मी ते मोजत नाही, तुम्हीही मोजू नका.

फसगत पिवळ्या रंगाने होते. हिवाळी अयनदिनाला, म्हणजे 22 डिसेंबरच्या आसपास, टबात युझू नावाची लिंबाच्या जातीची फळं सोडतात. ती पाण्यात अर्धी बुडून तरंगतात, बदक मात्र बरंचसं पाण्यावर असतं. सार्वजनिक न्हाणीघरात केरोरिन या वेदनाशामक औषधाची जाहिरात असलेलं पिवळं प्लास्टिकचं घमेलं दिसतं. त्याची कड नुसती डोकावली की भले भले चकतात. उन्हाळी जत्रेच्या भागांत मात्र ठेल्यावरचा पाण्याचा हौद जरूर तपासा. तिथे सोनमासे, रबरी चेंडू आणि कधी कधी बदकंही गळाने नव्हे, पातळ कागद ताणून बसवलेल्या कड्याने उचलायचा खेळ असतो. खरी बदकं धरायची नाहीत: ‘रानमा’ या मालिकेतला मूस थंड पाण्याने बदक होतो, ‘प्रिन्सेस टूटू’ या मालिकेची नायिका तर मुळातच बदक.

सरावाला 2007 पासूनची ‘हिदामारी स्केच’ ही मालिका घ्या. भाग संपता संपता नायिका युनो टबात उतरते आणि पाण्यात घालायच्या सुगंधी पुडीने पाण्याचा रंग बदलत राहतो. एकाच न्हाणीघराची चौकट पुन्हा पुन्हा बघायला मिळाल्याने नजर तयार होते.

नोंद करताना नुसतं मिनिट-सेकंद लिहून भागत नाही, कारण प्रायोजकांच्या पाट्यांमुळे वेळ सरकते. मधल्या आयकॅचच्या, म्हणजे जाहिरातींच्या वेळी दाखवतात त्या छोट्या चित्राच्या, आधी की नंतर, आणि पात्र काय करतंय, तेही लिहा. जुनं दृश्य पुन्हा वापरलं असेल, ज्याला तिकडे ‘बँक’ म्हणतात, तर एकदाच मोजा. आणि आवृत्ती कुठली ते विसरू नका. टीव्हीवर न्हाणीघरात वाफ दाट घालतात, डिस्कवर ती अनेकदा विरळ करतात. वाफेआडचं बदक मग तिथे सापडतं.