माझ्या छपराखाली

मिस्सेत, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर) स्वीकारण्यापूर्वी आपण सारे मिळून एक वाक्य म्हणतो: हे प्रभो, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही, परंतु तू शब्द मात्र बोल, म्हणजे माझा आत्मा बरा होईल. लहानपणापासून हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. तरीही २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे चर्चची दारे बंद होईपर्यंत त्यातल्या ‘छपरा’कडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

पहिल्या रविवारी आम्ही घरातल्या टेबलावर पांढरे कापड अंथरले, मेणबत्ती लावली आणि बायबलला टेकवून मोबाईल उभा केला. पडद्यावर आमचे धर्मगुरू रिकाम्या बाकांसमोर उभे होते. त्यांनी हात पसरून ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ असे म्हटले आणि आमच्या घरात शांतता पसरली. उत्तर सर्वांना पाठ होते. पण स्वतःच्या घरात, एका उपकरणाकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणण्याचा आम्हां तरुण मंडळींना संकोच वाटला. आई मात्र उभी राहिली आणि चर्चमध्ये देते तितक्याच खणखणीत आवाजात तिने प्रतिसाद दिला. त्यानंतर कोणी बसून राहिले नाही.

त्या दिवसांत ‘मिस्सा पाहिली’ असा शब्दप्रयोग सर्रास रूढ झाला, आणि तो मला आजही खटकतो. आपण मिस्सेला जातो, मिस्सेत भाग घेतो. पाहणाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही. धर्मगुरू बोलतात आणि लोक उत्तर देतात, या देवाणघेवाणीवरच आपली सारी उपासना उभी आहे. धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चच्या लोकसमुदायाची, प्रार्थना म्हणजे अनेकांनी एकाच जागी जमून केलेली खासगी प्रार्थना नव्हे, हे समजण्यासाठी मला ती रिकामी बाके पाहावी लागली.

छपराचे ते वाक्य मुळात बायबलमधल्या कफर्णहूम गावच्या शताधिपतीचे, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या रोमन अधिकाऱ्याचे. त्याचा चाकर घरी आजारी पडला होता आणि येशू त्याच्याकडे यायला निघाला असताना, आपण येण्याची गरज नाही, केवळ शब्द बोला, असे त्याने विनवले. येशू त्या घरी गेलाच नाही आणि तरीही चाकर बरा झाला. अंतरावरून मिळालेल्या आरोग्याची ही कथा चर्चने नेमकी ख्रिस्तप्रसादाच्या उंबरठ्यावर, म्हणजे जवळिकीच्या परमोच्च क्षणी ठेवली आहे, याचे मला फार आश्चर्य वाटले. आमच्या टेबलाभोवती ते वाक्य म्हटले जाई, पण त्यापुढे ख्रिस्तप्रसाद नसे. त्याऐवजी आम्ही संत अल्फोन्सस लिगोरी यांची आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना म्हणत असू. आत्ता मी तुला संस्कारातून स्वीकारू शकत नाही, तेव्हा निदान आध्यात्मिक रीतीने माझ्या अंतःकरणात ये, अशी त्यातली याचना आहे. त्यातला ‘निदान’ हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. जे मिळत नाही त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाल्याचा आव ही प्रार्थना आणत नाही, ती भूक जागी ठेवते.

आपल्यावर आलेला हा प्रसंग पहिला नव्हता. १५७६ साली मिलान शहरात प्लेग पसरला आणि लोकांना घरांत राहण्याची सक्ती झाली, तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा अर्पण करण्याची व्यवस्था केली, जेणेकरून लोकांना आपापल्या खिडकीतून ती दिसावी. ठरावीक वेळी घंटा वाजत आणि लोक खिडक्या-दारांत उभे राहून प्रार्थना म्हणत. वेदी चौकात आणण्याइतकेच लोकांचा आवाज रस्त्यावर आणणेही त्यांना महत्त्वाचे वाटले, असे मला हे वाचताना जाणवते.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी व्हॅटिकनमधील संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे चालत आले ते दृश्य बहुतेकांच्या स्मरणात असेल. पाऊस पडत होता. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेलेला, संत मार्चेल्लो चर्चमधला लाकडी क्रूस तेथे उभा होता आणि ख्रिस्ताच्या अंगावरून पाणी ओघळत होते. वाचलेले शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) होते वादळात सापडलेल्या नावेचे, ज्यात शिष्य घाबरून गेले आहेत आणि येशू झोपला आहे. पोपमहोदयांनी पवित्र साक्रामेंताने, म्हणजे ख्रिस्तप्रसाद हाती उंचावून, आशीर्वाद दिला तेव्हा घंटांच्या नादात रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू येत होता. त्या रिकाम्या चौकाला त्या संध्याकाळी मिळालेले उत्तर तेच होते, असे मला वाटते.

आमच्या घरी तो भोंगा मामांसाठी आला. त्यांना ज्या रुग्णालयात नेले तेथे धर्मगुरूंना आत सोडत नव्हते. धर्मगुरूंनी दोनदा विनंती केली, दोन्ही वेळा नकार मिळाला आणि मामा अभ्यंगसंस्काराविना (आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायच्या संस्काराविना), अखेरच्या ख्रिस्तप्रसादाविना गेले. मामींना मृत्यूपेक्षाही त्याचेच दुःख अधिक होते. पापनिवेदन फोनवरून होऊ शकत नाही, अभ्यंग दुरून होऊ शकत नाही. संस्काराला माणसाची समोरासमोर उपस्थिती लागते, आणि हा नियम कठोर वाटला तरी तो योग्यच आहे असे मी आजही मानतो. पण त्या वेळी मामींना काय सांगावे हे मला सुचत नव्हते.

धर्मगुरूंनी त्यांना फोनवर मार्चमध्येच निघालेला व्हॅटिकनचा एक आदेश समजावून सांगितला. ज्यांना अखेरचे संस्कार मिळू शकत नाहीत अशांना चर्च देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, आणि त्यांची अंतःकरणाची तयारी असेल व त्यांनी आपल्या हयातीत काही प्रार्थना म्हटलेल्या असतील, तर मृत्यूच्या क्षणी त्यांना पापदंडाची पूर्ण माफी देते. एरवी लागणाऱ्या अटींची उणीव चर्च स्वतः भरून काढते. ‘हयातीत काही प्रार्थना म्हटलेल्या असतील’ हे ऐकताच मामी उठल्या आणि त्यांनी मामांची रोझरी, म्हणजे जपमाळ, आणली. तिच्या दहा-दहा मण्यांच्या गटांपैकी चौथ्या गटातले दोन मणी कधीकाळी तुटले होते, त्यांच्या जागी मामांनी दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी बोटे फिरून फिरून त्या गाठी काळ्या व गुळगुळीत झाल्या होत्या. मामींनी ती रोझरी फोनजवळ धरली, जणू धर्मगुरूंना ती दिसणारच होती.

पोप फ्रान्सिस ९ मार्चपासून १८ मेपर्यंत दररोज सकाळची मिस्सा थेट प्रक्षेपित करू देत होते, आणि तरीही १७ एप्रिलच्या प्रवचनात त्यांनीच बजावले की लोकांविना, संस्कारांविना चाललेली ही स्थिती म्हणजे बोगदा आहे, त्यातून बाहेर पडायचे आहे, तेथे मुक्काम करायचा नाही. निर्बंध उठल्यावरही घरबसल्या मिस्सेची सवय न सुटलेली माणसे माझ्या परिचयात आहेत. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्यासाठी ते प्रक्षेपण आजही मोठा आधार आहे आणि ते चालूच राहावे. धडधाकट माणसांना मात्र मी आग्रहाने चर्चला बोलावतो, कारण त्यांचा आवाज तेथे कमी पडतो.

दारे उघडली तेव्हा एका बाकावर दोघांनाच बसता येत होते. सर्वांच्या तोंडाला मास्क होते आणि गायन बंद होते. ‘तू माझ्या छपराखाली यावेस’ हे वाक्य आले तेव्हा कोणी घाईने सुरुवात केली, कोणी मागे राहिले, मास्कमुळे शब्द दबले, आणि कितीतरी महिन्यांनी माझा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही. मामी माझ्या पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी रोझरी डाव्या हाताच्या मनगटाला गुंडाळली, तोच तळवा वर करून त्याखाली उजवा हात धरला आणि त्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.