मियाटासाठी इसीयू निवडताना: पेटीआधी सेन्सर

आमच्या मिशिगनमधल्या गॅरेजात १९९० सालची, १.६ लिटर इंजिनाची माझदा मियाटा ही छोटी स्पोर्ट्स कार आहे. तिचा मूळ इसीयू, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणारा इंजिनाचा संगणक, काढून बाजारातला स्वतंत्र इसीयू बसवण्याचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे, की निवड कशी केली आणि गाडी सध्या कशी चालते याची सविस्तर नोंद करता येईल. इंजिन अजून टर्बोविना, म्हणजे दाबाने जादा हवा भरणाऱ्या पंख्याविना आहे; पुढेमागे छोटा टर्बो बसवायचा विचार असल्यामुळे निवड करताना ती शक्यता धरून चाललो.

पहिला प्रश्न साहजिकच असा, की मूळ इसीयूमध्येच बदल का करू नये. नव्या गाड्यांमध्ये तो मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो, कारण ओबीडी पोर्टमधून (दोष तपासायच्या प्लगमधून) संगणकातली इंधन व ठिणगीच्या आकड्यांची टेबले बदलता येतात आणि कारखान्याने केलेली बाकीची मेहनत तशीच हाताशी राहते. १९९० च्या मियाटात ती सोय नाही. शिवाय तिचा इसीयू हवा मोजतो ती फडक्याच्या एअर फ्लो मीटरने: आत येणारी हवा स्प्रिंग लावलेले एक फडके ढकलते आणि ते किती उघडले यावरून इंधन ठरते. हे फडके हवेच्या वाटेतच उभे असते आणि एका मर्यादेनंतर पूर्ण उघडते. त्यापुढे हवा वाढली तरी संगणकाला ते कळत नाही. टर्बोसाठी हे निरुपयोगी. मूळ इसीयूला खोटे संकेत देऊन काम भागवणाऱ्या पिगीबॅक पेट्याही मिळतात. पण एका संगणकाने दुसऱ्याला फसवायचे आणि आपण दोघांचा हिशेब ठेवायचा, ही व्यवस्था मला कधीच पटली नाही.

म्हणजे स्वतंत्र इसीयू हवा, आणि हवा मोजण्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाची गती यांवरून हवेचे वस्तुमान काढणारी पद्धत हवी, हे लवकर ठरले. त्यानंतर मात्र पर्यायांचा बाजार भरला. न्यूझीलंडच्या लिंक कंपनीचा मियाटाच्या मूळ प्लगमध्ये थेट बसणारा इसीयू मिळतो. सिडनीच्या हॅलटेकचे इसीयू कुठल्याही इंजिनाला जोडता येतात, पण आमच्या गाडीसाठी वायरिंग बरेच करावे लागते. आर्डुइनो मेगा या तयार सर्किट बोर्डावर उभा असलेला स्पीडुइनो पूर्णपणे मुक्त-स्रोत आहे आणि खिशालाही परवडतो. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी सुरू केलेल्या मेगास्क्वर्टच्या घराण्यात तर स्वतः डाख देऊन जोडायच्या संचापासून तयार पेटीपर्यंत सगळे आहे. इंजिन-संगणकांतले आकडे बसवण्याचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे काम करणारा एक मित्र ही यादी ऐकून एवढेच म्हणाला, "अरे, पेटी कुठलीही घे. आधी दाब आणि तापमान खरं येतंय का, ते बघ." पुढची सगळी खरेदी मी या वाक्याच्या आधाराने केली.

शेवटी मेगास्क्वर्ट-३ वर आधारलेली, मूळ प्लगमध्ये बसणारी पेटी घेतली. लिंकचे काम अधिक नेटके आहे यात शंका नाही, आणि गाडी व्यावसायिक ट्यूनरकडे द्यायची असती तर मी तीच घेतली असती. परंतु ट्यूनिंग, म्हणजे टेबलांतले आकडे जुळवण्याचे काम, स्वतःच करायचे असेल, तर वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा त्याच इंजिनावर तीच पेटी चालवणारी माणसे किती आहेत आणि त्यांच्या फाइली व नोंदी उघडून पाहता येतात का, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचे आहे. ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर आणि एसडी कार्डावर लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरांच्या नोंदी) लिहिण्याची सोय या दोन गोष्टींनीही पारडे झुकवले. स्पीडुइनोबद्दल आदर आहे, पण रोज चालवायच्या गाडीत हाताने जोडलेला बोर्ड मला नको होता.

पेटी येण्याआधी सेन्सरांकडे वळलो. हाताच्या गिअरच्या १.६ मियाटात थ्रॉटलवर खरा पोझिशन सेन्सर नसतोच, नुसता स्विच असतो: पाय पूर्ण सोडला आहे किंवा पूर्ण दाबला आहे, एवढेच तो सांगतो. थ्रॉटल किती वेगाने उघडला हे कळले नाही तर पिकअप घेताना लागणारे जादा इंधन केवळ दाबातल्या बदलावरून ठरवावे लागते, म्हणून क्रमाक्रमाने बदलणारा संकेत देणारा सेन्सर बसवला. हवेचे तापमान मोजणारा मूळ सेन्सर एअर फ्लो मीटरच्या आतच असल्यामुळे मीटरबरोबर तोही गेला. त्याच्या जागी उघड्या टोकाचा, चटकन प्रतिसाद देणारा सेन्सर फिल्टरच्या लगतच्या नळीत बसवला. मॅनिफोल्डच्या धातूत बसवला असता तर उभ्या गाडीत तो तापून खोटे तापमान सांगत राहिला असता, आणि सिग्नलवरून निघताना मिश्रण पातळ झाले असते, म्हणजे इंधन कमी पडले असते.

एक्झॉस्टमधून हवा-इंधन प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्याचा ० ते ५ व्होल्टचा संकेत जर १० ते २० हे हवा-इंधन प्रमाण दाखवत असेल, तर अर्थिंगमधला केवळ ०.१ व्होल्टचा फरक वाचनात ०.२ ची चूक घालतो. तो फरक सेन्सरचा हीटर चालू झाल्यावरच दिसतो, म्हणून मल्टिमीटर हीटर चालू असतानाच लावावा. संकेताची अर्थ वायर मी इसीयूच्या सेन्सर-अर्थला जोडली आणि हीटरची वायर वेगळी इंजिनावर नेली.

बसवण्याचे काम सोपे होते. अमेरिकेतल्या मियाटात इसीयू चालकाशेजारच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी गालिच्याखालच्या धातूच्या पत्र्याआड असतो. पत्रा काढला, प्लग बदलले, दाबाची नळी मॅनिफोल्डला जोडली. किल्ली फिरवण्याआधी इग्निशन आउटपुटची दिशा मात्र नीट तपासावी, कारण ती उलटी असेल तर ठिणगीची कॉइल सतत चार्ज होत राहते आणि जळते.

या इंजिनात क्रँकशाफ्टवर सेन्सर नाही. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर चालणारा कॅम अँगल सेन्सर गती आणि स्थिती दोन्ही सांगतो. त्याची ठेवण मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनासारखी असल्यामुळे मेगास्क्वर्टमध्ये त्याच नावाचा पर्याय निवडायचा असतो. इंजिन सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर स्थिर केले आणि ठिणगीबरोबर चमकणारी टायमिंग लाइट क्रँकच्या पुलीवरच्या खुणेवर धरली. खूण जुळेपर्यंत सॉफ्टवेअरमधला ऑफसेट बदलायचा आणि मग गती वाढवून पाहायचे. खूण जागची हलली तर संकेताची चुकीची कड निवडली आहे किंवा विलंबाचा हिशेब चुकला आहे, असे समजावे. माझी खूण ४००० आरपीएमपर्यंत स्थिर राहिली. या पायरीला फाटा देऊन टेबलांना हात घालणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण संगणकातले १० अंश प्रत्यक्षात १६ असतील तर पुढचा प्रत्येक आकडा खोटाच ठरणार, आणि या इंजिनात ते सांगायला नॉक सेन्सरही (अवेळी स्फोटाची ठोकर ओळखणारा सेन्सर) नाही.

सर्वांत मजेशीर दोष हेडलाइटने दाखवला. मियाटाचे दिवे मोटरवर वर येतात आणि त्या क्षणी व्होल्टेज खाली येते. इंजेक्टरला उघडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि व्होल्टेज कमी झाले की हा वेळ वाढतो. आयडलिंगला इंजेक्टर उघडा ठेवणारा एकूण पल्सच जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांचा असल्यामुळे एवढा फरकही मिश्रण पातळ करायला पुरतो. बटण दाबले की दिवे वर आणि आरपीएम खाली, असा हा प्रकार होता. लॉगमध्ये व्होल्टेज आणि हवा-इंधन प्रमाण शेजारी ठेवल्यावर कारण दिसले. इंजेक्टरचे व्होल्टेजनुसार डेड-टाइमचे (उघडायला लागणाऱ्या या वेळाचे) टेबल नीट भरल्यावर दिवे वर येताना आरपीएमची सुई फक्त किंचित थरथरते.

इंधनाचे टेबल ट्यूनरस्टुडिओच्या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या सोयीने बरेचसे भरले गेले. मात्र कमी गतीच्या खान्यांत तिच्यावर पूर्ण विसंबू नये, कारण तिथे एक्झॉस्ट वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ घेतात आणि दुरुस्ती शेजारच्या खान्यात जाऊन पडते. असे खाने गाडी एकाच गतीवर स्थिर धरून हाताने भरले. लहानपणी स्कूटरचा प्लग काढून त्याचा रंग चॉकलेटी आहे का ते पाहायची सवय लागलेली, म्हणून इथेही प्लग काढून पाहिलेच. सेन्सर आणि प्लग यांचे एकमत होते.

थंड इंजिनाचे काम सर्वांत सावकाश चालले आहे. खऱ्या अर्थाने थंड इंजिन रात्रभर गाडी उभी राहिल्यावरच मिळते. सकाळी एकदा सुरू केले की त्या दिवसाची संधी संपली. क्रँकिंगचे (स्टार्टर फिरतानाचे) इंधन, सुरू झाल्यानंतरची काही सेकंदांची वाढ आणि तापत जाताना कमी होणारी वाढ ही तीन वेगळी टेबले आहेत, आणि एका सकाळी एकाच टेबलाला हात लावायचा असा नियम केला आहे. शून्य अंशाखालचे खाने हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पडू लागल्यावर, गाडी गॅरेजातच उभी असताना भरले जातील.

कायद्याचेही सांगायला हवे. आपल्याकडच्या पीयूसीसारखी ठरावीक मुदतीची तपासणी मिशिगनमध्ये नाही. तरी उत्सर्जन-यंत्रणेत फेरफार करण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहेच, आणि असे बरेच इसीयू केवळ शर्यतीच्या वापरासाठी म्हणून विकले जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी जागचा हलवलेला नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी त्या पेटीला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी-क्रमांक आहे का, ते आधी पाहावे.

टर्बोआधी क्रँकच्या पुलीवर ३६ वजा १ दातांचे (३६ पैकी एक दात गाळलेले) चाक बसवावे, असे अनेकजण सांगतात. कारण योग्यच आहे: कॅम अँगल सेन्सरकडून क्रँकच्या दर १८० अंशांना एकच खूण येते, तर त्या चाकावर दर १० अंशांना दात असतो, आणि टायमिंग बेल्टच्या ताणाचा परिणामही टळतो. पण माझ्या लॉगमध्ये ६५०० आरपीएमपर्यंत एकदाही संकेत तुटलेला नाही, म्हणून चाकाची खरेदी तूर्त लांबवली आहे. त्याआधी मोठे इंजेक्टर येतील आणि त्यांच्यासोबत डेड-टाइमचे टेबल पुन्हा पहिल्यापासून भरावे लागेल.