कड्यावर ऊन पडतं ते लग्नसराईत

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या कड्यांचे फोटो काढायला कधी यावं, असं कोणी विचारलं की मी एप्रिल-मे सांगतो. समोरचा हसतो. चाळीसगावचा उन्हाळा ज्याने काढलाय तो हसणारच. लोक येतात ते श्रावणात धबधब्याला, नाहीतर डिसेंबर-जानेवारीत थंडीला. आणि मग दुकानात येऊन विचारतात, भाऊ, आमच्या फोटोत कडा नुसता निळसर काळा का दिसतो?

कारण तो सावलीत असतो. सातमाळा-अजिंठ्याची रांग खानदेशाच्या दक्षिणेला, आणि तिचे मोठे कडे उत्तरेकडे, म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, डोंगराच्या पाठीमागूनच. मार्च संपता संपता तो पूर्वेच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकून उगवायला लागतो, आणि मे महिन्यात सकाळचं तिरपं ऊन कातळाला घासत जातं. २०-२२ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जवळपास दोन महिने भरदुपारीसुद्धा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला. पण जूनमध्ये ढग येतात. म्हणजे कामाचे महिने उरले दोनच, आणि माझा पोटापाण्याचा धंदा लग्नाच्या फोटोंचा. पहाटे कडा, दहाला हळद, असं चालतं.

सूर्याच्या या उत्तर-दक्षिण सरकण्याला जुन्या ज्योतिषात क्रांती म्हणतात. ज्यांच्या ग्रंथात तिचं गणित आहे त्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने याच डोंगराखाली, पाटणला, मठ काढला होता. १२०७ सालचा शिलालेख आहे तसा. देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. असो.

तिरपं ऊन पडलं की पहिल्यांदा दिसतात ते थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, एकावर एक. घट्ट थर सरळ उभा तुटतो, त्याचा कडा होतो. भोकाभोकांचा मऊ थर झिजतो, त्याची आडवी पट्टी होते. कुठे कुठे दोहोंच्या मध्ये विटेसारखी लाल माती. सावलीत हे सगळं एकच काळं दिसतं. आणि कड्यावरचं सगळं जगणं त्या आडव्या पट्ट्यांवर चालतं. पायरीचं झाड तिथे मूळ रुजवतं, वानरं रात्री तिथे झोपायला जातात, कारण बिबट्याला तिथवर पोचणं अवघड. एप्रिलमध्ये कांडोळाला पान नसतं. त्याचं पांढरं खोड काळ्या कातळावर असं उठून दिसतं की मी पक्षी सोडून त्याचेच फोटो काढत बसतो.

पक्षी शोधायचे तर आधी त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ शोधा. कपारीखाली दुधासारखा ताजा ओघळ असला तर वर कोणीतरी बसतं: शाहीन ससाणा, घुबड, एखादं गिधाड. ओघळ करडा पडला असेल तर बसणारा गेला. गिधाडांच्या बाबतीत तो बहुतेक ठिकाणी करडाच असतो. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात. लांब चोचीच्या गिधाडाचा विणीचा काळ हिवाळा. म्हणजे घरट्यात पिल्लू लहान असतं तेव्हा ऊन नाही, आणि ऊन येतं तेव्हा घरटं रिकामं व्हायला लागतं. मला ते बरंच वाटतं. घरट्यातल्या पिल्लाच्या फोटोला लाइक फार मिळतात, म्हणून लोक कड्याच्या वरून दोरी सोडायलाही कमी करत नाहीत. मी कुठलीही कपार नेमकी कुठे आहे ते लिहीत नाही, फोटोवर लोकेशन टाकत नाही. फोन करूनही विचारू नका.

त्यापेक्षा पाकोळ्या बघा. कड्याच्या करड्या पाकोळ्या कातळाच्या छपराखाली चिखलाची अर्धी वाटी लिंपतात आणि दिवसभर एकाच वाटेने फिरत राहतात. शेपटी पसरली की तिच्यात पांढरे ठिपके दिसतात. फोकसचा सराव करायला यापेक्षा चांगलं काही नाही, पैसेही लागत नाहीत.

आग्या मोहोळापासून मात्र लांब. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, फ्लॅश मारू नका. टेलिलेन्समधून पाहिलं तर पोळ्यावर मधेच एक लहर सरकते, हजारो माश्या एकापाठोपाठ पोट उचलतात. गांधीलमाशी जवळ आली की असं होतं. ती लहर सरकायला लागली की मी गप्प मागे होतो.

कॅमेऱ्याचं थोडं सांगतो. काळ्या सुटातल्या नवरदेवाला कॅमेरा जसा करडा करतो तसाच कातळालाही. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा. ओघळांचा पांढराही त्यामुळे टिकतो. नऊनंतर टेलिलेन्स पिशवीत घाला. तापलेल्या रानातून झळा उठतात आणि कडा पाण्यात हलल्यासारखा येतो. तो दोष लेन्सचा नाही, नवीन लेन्स घेऊन तो जाणार नाही. अभयारण्याच्या वेळा पाळा. नाहीतर बाहेर शेताच्या बांधावरून पूर्ण रांग दिसते, मी तिथूनच जास्त काढतो.

बांधावर एकदा एक गुराखी बाबा बराच वेळ माझ्यामागे उभे होते. "भाऊ, आठे काय शे?" म्हणजे इथे काय आहे. मी स्क्रीन दाखवली. त्यांनी ससाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की तिथे उन्हाळ्यातही पाणी झिरपतं, वानरं दुपारी तिथेच येतात. मऊ थरात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडून बाहेर येतं, हे मी वाचलेलं होतं. पण इतकी वर्षं त्या पट्टीकडे पाहून पाणी मला कधी दिसलं नव्हतं. मी कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे केला, ते म्हणाले जेवण झालं, आणि बैलामागे निघून गेले.

हिवाळ्यातच यायचं असेल तर सातपुड्याकडे जा. त्याचे कडे तापीकडे, दक्षिणेला तोंड करून आहेत, आणि डिसेंबरचं ऊन त्यांच्यावर दिवसभर असतं. पहाटे स्वेटर लागेल.