रात्री गरवायला हेडलॅम्प: नऊ रात्री, तीन दिवे, शोध चालूच

मंडळी, मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की रात्री गळानं मासे पकडायला १२०० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) हेडलॅम्प, म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा, घेतला, आता दिव्याचा विषय संपला. कसला संपतोय. तो दिवा सध्या बॅगेच्या तळाशी पडून आहे आणि मी तिसऱ्या दिव्यावर आलोय. नऊ रात्रींनंतर एवढं कळलंय की बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा आपल्या कामाचा नाहीच, आपल्याला बघायचा असतो सगळ्यात छोटा आकडा, जो बरेचदा छापलेलाच नसतो.

पहिली रात्र सांगतो म्हणजे लक्षात येईल. खडकावर बसलो, ओहोटी संपून भरती लागलेली, हवेत लाटांचे तुषार. दिवा फुल्लवर टाकला तर समोर समुद्र दिसायच्या ऐवजी पांढरा पडदा! हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी वर दोन बोटांवर असतो, त्यामुळे तुषारांवर आपटलेला उजेड सरळ परत डोळ्यात येतो, गाड्यांचे फॉगलॅम्प खाली बसवतात ते यासाठीच. तोच दिवा डोक्यावरून काढून कमरेपाशी धरला तर लगेच पलीकडचा खडक दिसायला लागला. मग लीडरची (गळाजवळच्या दोरीच्या तुकड्याची) गाठ मारायला घेतली, वीतभर अंतरावर तंगूस आणि त्यावर एवढा प्रखर उजेड, ती चमकते इतकी की गाठीचे वेढे मोजताच येईनात. कशीबशी गाठ मारली, दिवा बंद केला आणि पुढची कितीतरी मिनिटं मला रॉडचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

यामागचं कारण आपल्या डोळ्यातच आहे. अंधारात बघायचं काम डोळ्यातल्या रॉड पेशी करतात (आपला रॉड नव्हे!) आणि त्या पूर्ण जाग्या व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, पण प्रखर पांढरा उजेड काही सेकंद जरी पडला तरी ती कमाई बऱ्यापैकी धुतली जाते आणि पुन्हा ताटकळत बसायचं. म्हणजे दर चाऱ्याला दिवा लावणारा माणूस रात्रभर अर्धा आंधळाच बसलेला असतो. लाट कुठे चढतेय, आपण उभे आहोत तो खडक ओला कधी झाला, हे त्या आंधळेपणात कळत नाही, म्हणून हा मला नुसता सोयीचा प्रश्न वाटत नाही.

त्यात रनटाइमचं गौडबंगाल. १२०० लुमेन आणि खाली ‘६ तास’ असं लिहिलेलं, मी दोन्ही एकत्र वाचले. टॉर्चच्या आकड्यांसाठी एफएल१ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात रनटाइम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे शेवटच्या तासाला १२० लुमेनच्या आसपास उरले तरी आकडा खोटा नाही. बहुतेक दमदार हेडलॅम्प तापले की काही मिनिटांतच स्वतःहून मंद होतात, माझाही झाला, मला वाटलं सेल गेला. आणि ‘रेंज’ म्हणजे उजेड ०.२५ लक्स उरतो ते अंतर, हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्या उजेडात २०० मीटरवरचा बोया ओळखायला शुभेच्छा. शिवाय रेंज दुप्पट हवी तर झोताची तीव्रता चौपट लागते, त्यामुळे आकडा थोडासाच वाढलेला दिसतो आणि दिवा मात्र डोक्याला विटेसारखा होतो.

दुसरा दिवा छोटा, हलका, आतच बॅटरी, केबल लावून चार्ज करायचा. आवडलेला मला तो, खरंच. चार रात्री मस्त गेल्या, पाचव्या वेळी घरी चार्जिंगला लावला तर काहीच नाही, रबरी झाकण उघडून बघतो तर पोर्टमध्ये हिरवट बुरशीसारखं साचलेलं. खारं पाणी. आयपीएक्स ७ लिहिलेलं होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती टेस्ट गोड्या पाण्यात होते आणि एकदाच होते, आपल्यासारखं दर आठवड्याला मिठाचे शिंतोडे, वर ओल्या बोटांनी झाकण उघडणं हे त्यात धरलेलं नसतं. तेव्हापासून माझा नियम: समुद्रावर उघडं चार्जिंग पोर्ट नको, सेल काढून बाहेर चार्ज करता आला पाहिजे. तुमच्यापैकी कुणाचा पोर्टवाला दिवा दोन वर्षं टिकला असेल तर सांगा, मला ऐकायला आवडेल पण विश्वास बसणार नाही.

आता तिसरा. एक १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून ते नाव), आयपीएक्स ८ (७ च्या वरची पायरी), आणि ज्याच्यासाठी घेतला ते म्हणजे सगळ्यात खालचा मोड १ लुमेनच्या आसपास, आणि चालू करताना आधी तोच लागतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे हो. काही दिव्यांत मंद मोडपर्यंत जायला आधी फुल्लमधून जावं लागतं, म्हणजे मंद मोड असून नसल्यासारखा, डोळे तर आधीच गेले. विकत घेताना बटण एकदाच दाबा आणि काय लागतं ते बघा, बाकी चर्चा नंतर.

१ लुमेन ऐकून मित्र हसले. पण डोळे अंधाराला सरावलेले असतील तर गाठ मारायला, गळाला चारा लावायला तेवढा पुरतो, चालताना ३० ते ५० घेतो, आणि मासा जवळ आला की जाळीत घेण्यापुरता १००-१५०. फुल्ल मी मागच्या चार रात्रींत एकदाच वापरला, परतीची वाट शोधताना. एक टेस्ट सांगतो, दिवा मंद मोडवर ठेवून रीलचं हँडल जोरात फिरवा, हँडल तुटक तुटक ठिकाणी दिसलं तर दिवा फडफडतोय. उजेड कमी करायला काही दिवे भराभर चालू-बंद होत राहतात, डोळ्याला सहज कळत नाही पण तासाभरानं डोकं चढतं. दुसरा दिवा असा होता, आवडता असला तरी खरं ते खरं.

लाल दिव्याबद्दल सगळेच विचारतात. लाल उजेडाला रॉड पेशी फारशा दाद देत नाहीत म्हणून अंधाराची नजर टिकते, हे बरोबर. पण लाल उजेडात लाल ब्रेड (विणलेली दोरी), लाल मणी, बोटाला गळ लागून आलेलं रक्त, काहीच नीट दिसत नाही, सगळं एकाच रंगाचं. एका रात्री लाल शेपटीचा लुअर (खोटा मासा) मांडीवर ठेवून पाच मिनिटं शोधत होतो. शिवाय लाल प्रखर केला तर तोही नजर घालवतोच. माझं मत, लाल असला तर चांगलं, पण खरोखर मंद आणि जरा पिवळसर पांढरा असेल तर लालवाचून अडत नाही. बोटीवर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा हा जगभरचा नियम आहे, तेव्हा कपाळावर लाल लावून समोरच्या बोटीकडे बघत बसू नका, त्याला तुमची दिशा चुकीची कळेल.

कंदील प्रकाराचाही प्रयोग केला. आधीच्या पिढीकडे पेट्रोमॅक्स असायची, रॉकेलचा फर्रर्र आवाज आणि जाळीचा पांढरा उजेड, त्याची मजा एलईडी कंदिलात नाही, पण लाट आली तर जाळी फुटायची भीतीही नाही. कंदील पाठीमागे खडकाच्या आडोशाला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवला आणि सामानाची पेटी त्याच्याजवळ, हे उत्तम जमलं, हेडलॅम्प निम्म्या वेळा लावावाच लागला नाही. पुढे ठेवला तर मात्र आपलीच सावली पाण्यावर नाचते. स्थिर उजेडानं प्लवक जमतं, त्यामागे बारीक मासे, त्यामागे मोठे, आणि माकूल (स्क्विड) तर उजेड-सावलीच्या सीमेवर थांबते, म्हणून दिवा लावायचा तर एका जागी आणि कायम. उथळ पाण्यावर झोत मारून मध्येच बंद करणं, पुन्हा मारणं, याने मासा बिचकतो असा माझा नऊपैकी निदान तीन रात्रींचा अनुभव आहे, पुरावा म्हणून मांडत नाही.

आणि दिवे बंद ठेवण्याचा एक बोनस. सातव्या रात्री पाणी पेटलेलं होतं, तंगूस पाण्यात शिरते तिथे निळसर रेघ, मासा वळला की खाली ठिणग्या. हलवलं की चमकणारे सूक्ष्म जीव असतात ते. चावा लागायच्या आधी मासा येताना दिसला मला! हेडलॅम्प चालू असता तर काळं पाणीच दिसलं असतं.

देखभाल थोडक्यात: घरी आलो की झाकण घट्ट असतानाच दिवा गोड्या पाण्यात बुडवून ठेवतो, पट्टा वेगळा धुतो (सुकलेलं मीठ कपाळ सोलतं), सुकल्यावर सेल काढतो, रबरी रिंगवर दिव्यासोबत आलेलं ग्रीस बोटानं जरासं. जास्तीचा सेल प्लास्टिकच्या डबीत, खिशात किल्ल्या आणि गळांबरोबर सुटा कधीच नाही, शॉर्ट झाला तर आग लागते. बॅगेत बटण आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून लॉक करतो, नाहीतर झाकण अर्धा आटा सैल.

अजून सुटलेलं नाही ते वजन. नुसता सेलच ४५-५० ग्रॅमचा, सगळा भार कपाळावर, कास्ट करताना (गळ फेकताना) दिवा भुवईवर घसरतो. पुढच्या अमावास्येला तोच दिवा गळ्यात अडकवून बघणार आहे, तुषारांचा पडदाही त्यानं कमी होईल असा अंदाज आहे. १२०० लुमेनवाला सोबत असेलच, परतीच्या वाटेसाठी आणि मुख्य दिवा दगा देईल तेव्हासाठी, रात्री एकच दिवा घेऊन खडकावर मी आता जात नाही.