न बसणारा रंग

दुपारी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेले, तेव्हा कोपऱ्यात विसरून राहिलेली पांढरी बादली दिसली. तिच्यात पावसाचे पाणी साचले होते, वाळकी पाने तळाला गेली होती आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला होता. गढूळपणा मात्र नव्हता. बुडालेल्या पानाची शीर न् शीर वरून दिसत होती. एखाद्या शहाण्या माणसाने बादली उपडी केली असती. मी पेला आणायला खाली गेले, कारण रंगीत पाणी दिसले की ते उजेडासमोर धरून पाहण्याची खोड मला लहानपणापासून आहे.

ही खोड बाबांची. गढूळ पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ते रात्रभर खिडकीत ठेवत, आणि सकाळी तळाशी बसलेला गाळ मला कौतुकाने दाखवत. एकदा त्यांच्या नकळत मी भिजत पडलेल्या पानांचे पाणी त्याच पेल्यात ठेवले. सकाळी ते होते तसेच तपकिरी होते, तिसऱ्या दिवशीही तसेच. बाबांनी पेला डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाले, "हे बसायचं नाही. हे पाण्यातच मुरलंय." अभ्यासकांनाही हीच वाटणी करावी लागते, हे मला फार उशिरा कळले. बहुधा ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे खाली उतरते ते विरघळलेले, आणि जे वर अडकते ते कण, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

पीटभूमीतून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून बनलेल्या पाणथळ जमिनीतून, निघणारे ओढे या न बसणाऱ्या रंगाचे असतात. तिथे मेलेले शेवाळ पाण्याखाली, ऑक्सिजनवाचून, पुरते कुजतच नाही. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरच्या गतीने ते साचत राहते, म्हणजे मीटरभर खोल गेले की साधारण हजार वर्षे मागे जाता येते. जगातील जमिनीचा सुमारे ३ टक्केच भाग असा आहे, पण सगळ्या मातीतल्या कार्बनपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्याच्या पोटात आहे.

थंड प्रदेशात उन्हाळ्यात या जमिनीतली पाण्याची पातळी उतरते, वरच्या थरात हवा शिरते आणि सूक्ष्मजीव कामाला लागतात. त्यांनी सोडवलेला ऐवज, म्हणजे पाण्याला रंग देणारा विरघळणारा कार्बन, तिथेच पडून राहतो, कारण न्यायला पाणी नसते. उन्हाळा सरताना जोरदार पाऊस आला की तो सारा ओढ्यात उतरतो, आणि त्या दिवसांत ओढा वर्षातला सर्वांत गडद असतो. हिवाळ्यात या ऐवजाची घडण मंदावते. वसंतात वितळलेले बर्फ गोठलेल्या जमिनीवरून वाहून जाते आणि ओढा फिका पडतो. कडक दुष्काळाची तऱ्हा आणखी निराळी. तेव्हा पीटमधल्या गंधकाचे सल्फेट होते, आम्लता वाढते, आणि आम्ल पाण्यात हा रंगद्रव्याचा ऐवज कमी विरघळतो; म्हणजे तयारी असूनही रंग काही काळ रोखला जातो.

पुराच्या बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला होता. पाणी वाढले की रंग वाढणार, असे मी धरून चालले होते. मातीच्या उतारावर, जिथे वर फक्त पातळ सेंद्रिय थर असतो, तिथे पुराचे पाणी त्या थरातून वाट काढते आणि ओढा खरोखरच गडद होतो. निव्वळ पीटच्या प्रदेशात तो पुष्कळदा उलट फिकटतो, कारण ऐवज तेवढाच आणि पाणी कितीतरी जास्त. तरीही एकूण वाहून जाते ते त्या फिकट पुरातूनच अधिक. वर्षभराच्या कार्बनचा मोठा वाटा मोजक्या पुरांत निघून जातो, आणि दर आठवड्याला ठरल्या वारी बाटली भरणाऱ्याच्या हाती नेमका पूरच लागत नाही. याच पुरात कणही जातात. हिवाळ्यात उघड्या पडलेल्या पीटमध्ये सुयांसारखे बर्फ उगवून पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि पुढचा पाऊस तो खरवडून नेतो. ते कण बाबांच्या पेल्यात निदान तळाला बसले असते.

मी बादलीतले पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरले. मधासारखे, सुंदर दिसत होते. मग आठवले ते कार्बनच्या वयाचे. धक्का न लागलेल्या पीटभूमीच्या ओढ्यातला विरघळलेला कार्बन बहुतांशी अलीकडचा, वरच्या थरातला असतो. बोर्निओत चर खणून कोरड्या केलेल्या पीटजमिनीतील पाण्याची मोजमापे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिथल्या चरांतून वाहणारा कार्बन शतकानुशतके, काही ठिकाणी हजारो वर्षे जुना निघाला. पेल्यात धरली, तर ही दोन्ही पाणी सारखीच तपकिरी दिसतील.