टाचेपाशी अडलेला वस्तरा

हा वस्तरा मावशीच्या इंदुरातल्या रामबागेतल्या घराचा माळा आवरताना निघाला, सुपारीच्या डब्यातून. पाच-अष्टमांश इंची पातं. पात्यामागच्या पोलादी दांड्यावर 'सोलिंगेन' (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव) आणि 'मेड इन जर्मनी' एवढंच वाचता येतं, कारखान्याचं नाव झिजून गेलंय. परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावणारा इंग्रजांचा कायदा १८८७चा, तेव्हा वस्तरा त्याच्या नंतरचा धरायचा. मावसभाऊ 'होळकरांच्या न्हाव्याचा' म्हणून सांगत सुटलाय. सांगू दे.

गंज गंमतीचा होता. मूठ मिटल्यावर पात्याचा जेवढा भाग आत जातो, नेमका तेवढाच खाल्लेला, दांडा मात्र स्वच्छ. मूठ सेल्युलॉइडची, नाकाशी धरली की कापराचा वास. सेल्युलॉइड जुनं होऊन सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं पोलाद खातं. म्हणून पहिलं काम, पितळी खिळे कापून पातं वेगळं केलं. शिसमाची नवी मूठ अर्धी झालीये, तिच्याबद्दल सांगण्यासारखं अजून काही नाही.

सियागंजातून ४०० पासून २००० ग्रिटपर्यंतचा पानी पेपर (ओला वापरायचा घासकागद; ग्रिट जितका मोठा तितके कण बारीक) आणला. बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून, शिलाई मशीनचं तेल घालून दोन संध्याकाळी घासलं. बफिंगच्या चाकाला हातही लावला नाही. पोलाद तापून धारेपाशी निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, आणि ते घरी परत चढवता येत नाही. पाठीवरचे काळे डाग तसेच ठेवलेत. धारेजवळ टोकाकडे एक खड्डा आहे, तो मात्र डोळ्यात खुपत होता.

मग धार. वस्तऱ्यात कोन आपण धरत नाही, पाठ धरते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की झालं. त्यामुळे पाठ झिजली की कोनही बदलतो. माझ्या वस्तऱ्याची पाठ व्हर्नियरवर ४.१ मिमी जाड भरली, पाठीपासून धारेपर्यंत १५.२ मिमी, म्हणजे कोन साधारण साडेपंधरा अंश. पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर दिला की सव्वासोळा. टेप लावली, शिवाय पाठीची आणखी झीजही थांबली.

१००० ग्रिटच्या दगडावर दोन तास गेले. मधला भाग आणि टोक मनगटावरचे केस उडवायला लागले, टाच, म्हणजे धारेचं दांड्याकडचं टोक, मात्र बोथट ती बोथटच. चिडून दाबायला लागलो आणि मग लक्षात आलं की आधीच्या मालकानेही हेच केलं असणार. पाठीवरची झिजून चकचकीत झालेली पट्टी टाचेकडे दुप्पट रुंद होती. धारेवर काळा मार्कर फिरवला, चार हात मारले. टाचेची शेवटची सहा-सात मिमी शाई जशीच्या तशी. आणि पातं जिथे जाड होऊन दांड्याला मिळतं, त्या खांद्यावर ताजा चरा. खांदा दगडावर चढत होता आणि त्याच्यापुढची धार अधांतरी राहत होती!

उपाय जिवावर आला. डायमंड प्लेटवर टाचेचा कोपरा गोल करत पुढे आणायचा, म्हणजे धार खांद्याच्या आधीच संपते. दोन मिमी पोलाद गेलं. मार्कर पुन्हा, आणि या वेळी शाई एका दमात टाचेपासून टोकापर्यंत पुसली गेली. त्यानंतर बेव्हल (धारेचा दोन्ही बाजूंचा उतार) वीस मिनिटांत बसला. पुढे ४००० आणि ८०००, दर टप्प्याला हात हलका करत.

सराफ्यात लोक रात्री खायला जातात, मी दुपारी दहापटीचं भिंग आणायला गेलो. येताना आमच्या जुन्या न्हाव्याकडे डोकावलो. ते आता अर्धं ब्लेड घालायचा उस्तरा वापरतात, पण धार परजायचा चामड्याचा पट्टा अजून दारामागे टांगलेला आहे. पट्ट्यावर माझा हात बघून म्हणाले, "भैया, वजन उस्तरे का रखो, हाथ का नहीं." पट्टा ताणून धरतच नव्हतो, तेही त्यांनीच पकडलं. सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि धार गोल करतो. पातं पाठीवरच उलटायचं हे मला ठाऊक होतं, तरी घरी पंधराव्या फेरीला धारेवर उलटलं आणि पट्ट्याला चीर पडली.

रविवारी कापडावर चाळीस, चामड्यावर साठ फेऱ्या मारून गालाला लावला. उजवा गाल साफ, आवाजसुद्धा छान खरखर येणारा. हनुवटीवर मात्र केस ओढायला लागला. भिंगाखाली बघितलं तर त्या खड्ड्यापाशी केसाएवढा दाता पडलाय. येत्या रविवारी पुन्हा १००० पासून, खड्डा जाईपर्यंत. सध्या गालांना वस्तरा आणि हनुवटीला नेहमीचं रेझर असं चाललंय, आणि बायको म्हणते दोन्हीकडचा फरक दिसतो.