वेल्डरचं आत्मचरित्र

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या आत्मचरित्रात बोटं तुटण्याचा प्रसंग फार लवकर येतो आणि तितक्याच लवकर संपतो. पुढची तीनशेच्या वर पानं अल्बम, दौरे, मॅनेजरांशी भांडणं, कोकेन, लग्नं आणि घटस्फोट यांची आहेत. ती मी भराभर उलटली. मी पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, त्यातही काम फक्त हातांचं. त्यामुळे माझं वाचन सुरुवातीच्या त्या मोजक्या पानांवरच अडकून बसलं.

पुस्तक माझं नाही, धाकट्या भावाचं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. गायक ऑझी ऑस्बॉर्नला उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. त्या सुतकात भावाने 'आयर्न मॅन' माझ्या टेबलावर आणून टाकलं. "ताई, वाच. तुझ्या लाइनचं आहे." २०११ सालचं पुस्तक, आयोमीने टी. जे. लॅमर्स या लेखकाच्या मदतीने लिहिलेलं. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, माझी धाव वसंतराव देशपांड्यांपर्यंत. पण भाऊ म्हणाला ते खरं होतं.

गोष्ट अशी. साल १९६५, बर्मिंगहॅम. आयोमी १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलेलं, म्हणून नोकरी सोडलेली आणि हा कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम नीट पुरं करून ये. गेला. त्याच्या आधीच्या प्रेसवर पत्रा वाकवून त्याच्याकडे पाठवणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून ती मशीन यालाच चालवायला सांगितली. पायाने दाबायचं पॅडल, आधी कधी हात न लावलेली प्रेस. ती उजव्या हातावर आली. याने दचकून हात मागे खेचला आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं आतच राहिली.

हे वाचताना माझ्या डोक्यात आपोआप केसपेपर भरला जाऊ लागला. उजवा हात म्हणजे वाजवायचा हात, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण आयोमी डावखुरा. त्याचा डावा हात तारा छेडतो आणि उजवा गिटारच्या मानेवर सूर धरतो, म्हणजे गेली ती सुराची बोटं. दुसरं, हात खेचणं. सरळ कापलेलं बोट आणि चिरडून ओढलं गेलेलं बोट यात सर्जनच्या दृष्टीने फार अंतर असतं. ओढल्या गेलेल्या बोटात रक्तवाहिन्या आणि नसा आतपर्यंत फाटतात, जोडायला धड टोक सापडत नाही. त्यात काळ कोणता? पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून जगात पहिल्यांदा यशस्वीपणे जोडला तो जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई या डॉक्टरांनी, १९६५ सालीच. बर्मिंगहॅममधल्या एका पोराच्या बोटांच्या टोकांसाठी तसा विचारही कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

मग कारखान्याचा मॅनेजर एक रेकॉर्ड घेऊन भेटायला येतो. जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची. आयोमी ऐकायला तयार नसतो, तरी तो लावायला लावतो आणि मग सांगतो की हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय. हा प्रसंग पुस्तकाबाहेरही खूप फिरला आहे, कारण तो डोळ्यांत पाणी आणणारा आहे. मॅनेजरचा जीव मोठा होता यात शंका नाही. पण माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर ही दोन प्रकरणं उलटसुलट आहेत. जँगो १९२८ मध्ये, १८ वर्षांचा असताना, गाडीघराला लागलेल्या आगीत भाजला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली. त्याची बोटं जागेवर होती, हलत नव्हती. आयोमीची हलत होती, पुरत नव्हती. एकाला लागतो व्यायाम आणि बोटं बसवण्याची नवी पद्धत, दुसऱ्याला लागते लांबी आणि टोकावर काहीतरी आवरण. राइनहार्टकडून आयोमीला हुरूप मिळाला. उपाय मात्र त्याला स्वतःच शोधावा लागला.

तो उपाय हेच या पुस्तकातलं सोनं. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने गोळा केला. सोल्डरिंग आयर्नने त्याला बोटाएवढं भोक पाडलं. मग पॉलिश पेपरने घासत बसला, गोळ्याचं बोटाचं टोक होईपर्यंत. नुसतं प्लास्टिक तारेवरून निसटायचं, म्हणून जुन्या जाकिटाच्या चामड्याचा तुकडा कापून वर चिकटवला. चामडं फार धरणारं झालं तर बोट सरकत नाही, फार गुळगुळीत झालं तर तार सुटते. तेही घासून घासून मधल्या मापाला आणलं. पुढे टोपीतून तार बोटाला जाणवत नाही म्हणून हात जास्त दाब देतो आणि स्टंप, म्हणजे बोटाचा उरलेला खुंट, दुखतो. मग तारा हलक्या हव्यात. तशा तारांचे गिटारचे सेट तेव्हा मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तिसऱ्या अल्बमात त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तीच तार तीन अर्धस्वर उतरवली की तिचा ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. हे गणित माझ्या भावाला माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं त्या जड, खोल आवाजाला 'अंधाराचा सूर' वगैरे म्हणत आला आहे. मला त्यात दुखऱ्या बोटांवरचा भार कमी करणारा माणूस दिसला.

सगळे सांगतात ती गोष्ट जिद्दीची आहे. पुस्तक तसं सांगत नाही. ते वर्कशॉपसारखं सांगतं: हे घेतलं, हे जमलं नाही, मग हे केलं. वेल्डर होता म्हणूनच त्याला हे सुचलं, असं मला ठाम वाटतं. उष्णता कुठे धरायची, कड कशी मारायची, किती मिलिमीटर जादा ठेवून मग घासायचं, हे त्याच्या हातात होतं. जिद्दीचे पेशंट माझ्याकडे रोज येतात. सोल्डरिंग आयर्न धरता येणारे कमी.

तसा एक आला. भोसरीकडच्या एका छोट्या युनिटमध्ये कामाला, वय पंचविशीच्या आत. जूनमध्ये प्रेसवर डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींचं शेवटचं पेर गेलेलं. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या पार्टीत, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या पथकात, बँजो वाजवायचा. आपल्याकडचा बँजो: टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्यात पट्टी. गणपती गेले, नवरात्र गेलं, दोन्ही सीझन घरी बसून काढले. लग्नसराई तरी हातात लागावी एवढंच त्याचं म्हणणं.

त्याचा कागद माझ्यासमोर होता. त्याच्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) परिशिष्टात बोटांचा तक्ता होता. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर ७ टक्के, अनामिकेचं किंवा करंगळीचं ५. हाड शाबूत राहून नुसतं टोक छाटलं गेलं तर ४ आणि २. आख्खा अंगठा ३०. ही कमाईच्या क्षमतेतली घट. याचे ७ अधिक ५, झाले १२. आयोमी भोसरीत असता तर त्यालाही साधारण एवढेच मिळाले असते. तक्ता चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, कुठेतरी आकडा लिहावाच लागतो. पण प्रेसवर परत उभं राहायला हे पोरगं खरंच फार तर १२ टक्क्यांनी कमी होतं. बँजोवर ते शून्यावर आलं होतं.

सुरुवातीचे आठवडे नेहमीचे. स्टंपला कुणी हात लावू देत नव्हता. आधी कापूस, मग मखमल, मग तांदळाच्या डब्यात बोटं घालायची, मग राजमा, शेवटी वाळू. नसांची चरचर हळूहळू उतरली. मग सिलिकॉनच्या टोप्या दिल्या. दिसायला छान, नखासकट. बाहेर जाताना तो त्या घालायचा, बँजोवर नाही. सिलिकॉन मऊ, बटण दाबलं की आधी टोपी दबते आणि मग बटण. द्रुत लयीत तेवढा उशीर म्हणजे सूर गेलाच. शिवाय घामाने टोपी गोल फिरायची.

तेव्हा मी त्याला ती पानं वाचून दाखवली. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं अडखळत. खरं सांगायचं तर त्याला उभारी वाटावी म्हणूनच. आईचा प्रसंग आला तेव्हा तो गप्प होता. त्या दिवशी ऑपरेटर बाई आली नव्हती आणि वेल्डरला प्रेसवर बसवलं, हे ऐकलं आणि तो हसला.

"म्हणजे तिकडंपण तसंच."

"तुझंही तसंच झालं का रे?"

"मी पॅकिंगला होतो मॅडम. प्रेसवाला सुट्टीवर. म्हणले, दोन तासाचं काम आहे, बस."

"आणि पॅडल? दोन हातांची बटणं नव्हती मशीनला?"

"होती की. बंद करून ठेवलेली. पायानं पीस जास्त निघतात."

दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे त्या क्षणी हात डायमध्ये, प्रेसच्या साच्यात, असूच शकत नाही, एवढी साधी ती सोय. माझ्याकडच्या केसपेपरांत 'फूट पॅडल' हा शब्द इतक्यांदा आला आहे की मी आता तो विचारायच्या आधीच लिहिते. १९६५ सालच्या बर्मिंगहॅममध्येही तेच पॅडल.

पुढे बँड जगप्रसिद्ध झाला, लाखो रेकॉर्डी खपल्या, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं. त्याचे प्रश्न वेगळेच. चामडं कशानं चिकटवलं? जाडी किती? भोक आतून सरळ की निमुळतं? पुस्तकात आहे तेवढं सांगितलं, बाकीचं तो स्वतःच मनाशी मोजत बसला.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तो शालीत गुंडाळलेला बँजो घेऊन आला. ओपीडी संपत आली होती. खिशातून दोन टोप्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. ओळखीच्या टूलरूममध्ये नायलॉनचा रॉड लेथवर टर्न करून घेतला होता. आतून किंचित निमुळता बोअर. बाहेरून टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे बटणावरून घसरू नये. आणि मधल्या बोटाची टोपी अनामिकेच्या टोपीपेक्षा मुद्दाम थोडी आखूड.

"उलटं का? मधलं बोट तर लांब असतं."

"बटणावर बोटं वाकलेली असतात मॅडम. वाकल्यावर माप घेतलं."

आम्ही माप हात सपाट ठेवून घेतो. सिलिकॉनच्या टोप्यांना तेच बरोबर, कारण त्या दिसण्यासाठी असतात. हा वाजवण्याच्या स्थितीत बोटं ठेवून, कागदावर बटणांच्या ओळी आखून बसला होता. पुस्तकाने त्याला हे सांगितलेलं नव्हतं. गिटारच्या तारेला पकड लागते आणि बँजोच्या बटणाला लांबी व कडकपणा, हा फरकही त्याचा त्यानेच काढला होता. चामड्याचा विचार करून सोडून दिला म्हणाला, घामाने वास मारतं.

माझ्या वाटणीचं काम उरलंच होतं. टोप्या घालून त्याला वाजवायला लावलं आणि काढून बघितलं, तर अनामिकेच्या व्रणावर लाल ठसा, दाबल्यावर लगेच फिका न होणारा. नायलॉन कडक, आत काहीच गादी नाही. महिनाभर असं वाजवलं असतं तर व्रण फाटला असता. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या स्प्लिंटच्या शीटची पातळ पट्टी घेऊन त्याच्या स्टंपवरच साचा केला, व्रणाच्या जागी खोलगट ठेवला, आणि तो टोपीच्या आत बसवला. मग टोपी घट्ट झाली. त्याने माझ्याकडून पॉलिश पेपर मागितला. माझ्याकडे होता तो नेलफाइलसारखा, स्प्लिंटच्या कडा मारायचा. तो बघून त्याने मान हलवली आणि उद्या घरून घासून आणतो म्हणाला. किती वेळ घालायच्या, काढल्यावर काय बघायचं, ठसा किती मिनिटांत जायला हवा, हे सगळं लिहून दिलं.

तरी त्या दिवशी जे वाजवलं ते ऐकण्यासारखं होतं, असं म्हणणार नाही. वरच्या ओळीतली बटणं चुकत होती. अनामिका अजून तर्जनीच्या मागून येत होती. पण बटण दाबल्याबरोबर सूर येत होता. बाहेर झाडू मारणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी थेट फर्माइश केली. ती त्याला जमली नाही, हेही लिहायला हवं.

पुस्तकाबद्दल भावाला एक तक्रार सांगितली आहे. ड्रमर बिल वॉर्डला सोनेरी रंग फासल्याचा आणि एकदा चक्क पेटवून दिल्याचा किस्सा आयोमी मजेत सांगतो. वॉर्डचे पाय थर्ड डिग्री भाजले होते. भाजलेल्या पायांचं ड्रेसिंग बघितलेल्या माणसाला ते पान हसून उलटता येत नाही. भाऊ म्हणतो, तो काळच तसा होता.

जाताना त्या पोराने विचारलं, ह्या माणसाचं एखादं गाणं आहे का मोबाइलवर? भावाने मागे पाठवलेलं 'आयर्न मॅन' होतं, ते लावलं. त्याने डोळे बारीक करून, डाव्या हाताची बोटं टेबलावर ठेवून, पहिलं कडवं संपेपर्यंत ऐकलं.

"दोन बोटांत बसतंय सगळं," तो म्हणाला. मग शाल गुंडाळता गुंडाळता, "पण फारच स्लो आहे मॅडम. वरातीत नाही चालायचं."